निरीक्षण पद्धती, शैक्षणिक संशोधनातील

निरीक्षण पद्धती, शैक्षणिक संशोधनातील : शिक्षणाच्या प्रक्रियेत प्रत्यक्ष घडणाऱ्या वर्तनाची व प्रसंगांची, ती घडत असतानाच, पूर्वनियोजित उद्देशाने व ठरीव रीतीने पाहणी करून नोंद करण्याची आणि त्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याची पद्धती. प्रश्नावली, मुलाखत व चाचणी या साधनांनी व्यक्ती काय सांगते किंवा काय सोडवू शकते हे कळते. ती प्रत्यक्षात कशी वागते हे निरीक्षणानेच कळू शकते. ज्यांना आपले अनुभव शब्दांत नीट मांडता येत नाहीत अशा लहान बालकांच्या बाबतीत तर या पद्धतीला पर्याय नाही.

नेहमीचे पाहणे आणि शास्त्रीय निरीक्षण यांत महत्त्वाचा भेद आहे. शास्त्रीय निरीक्षणात काय पाहावयाचे, केव्हा व किती वेळ पाहावयाचे आणि त्याची नोंद कोणत्या स्वरूपात करावयाची हे आधी निश्चित केलेले असते. तसेच दुसऱ्या निरीक्षकास त्याचा पडताळा घेता येतो. शाळातपासणीहूनही ते भिन्न आहे. तपासणी अधिकारी विहित अपेक्षांच्या तुलनेत शाळेचा दर्जा ठरवितो व शेरा देतो. संशोधक मात्र दर्जा ठरविण्यापूर्वी घडले ते जसेच्या तसे टिपतो. ‘मूल दहा मिनिटे खिडकीबाहेर पाहत होते’ हे निरीक्षण होय. ‘मुलाचे लक्ष नव्हते’ हे अनुमान होय. या दोहोंची सरमिसळ हा या पद्धतीतील सर्वांत सामान्य दोष आहे.

विकास : बालशिक्षणात निरीक्षणाला मध्यवर्ती स्थान मारिया माँटेसरी यांनी मिळवून दिले. १९०७ मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहात मुलांना मोकळेपणी साधने हाताळू देऊन त्यांनी आपली पद्धती घडविली. झां प्याजे यांनी स्वतःच्या तीन अपत्यांच्या काटेकोर नोंदींवरून बुद्धिविकासाच्या प्रारंभीच्या अवस्थांचे विवेचन १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. वर्गातील भाषिक व्यवहाराच्या निरीक्षणाला संख्यात्मक रूप देण्यात अमेरिकन संशोधक नेड फ्लँडर्स यांचा मोठा वाटा आहे.

महाराष्ट्रात निरीक्षणातून उपाय निघाल्याचे ठळक उदाहरण ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्या कार्यात आढळते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी (तेव्हाचा ठाणे, आता पालघर जिल्हा) येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या सहकार्याने ते कोसबाड येथे विस्तारले. गरीब व आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, याचा अर्थ त्यांना शिक्षणाची आवड नाही असा न घेता, ती दिवसभर कोठे असतात व काय करतात हे त्यांनी पाहिले. मुले पाड्यावर असतात, म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरे राखतात, म्हणून शाळा कुरणात नेली. अंगणवाडी व कुरणशाळा या कल्पना अशा पाहण्यातून आकारास आल्या.

वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम योजनेतही निरीक्षणाची आवश्यकता अंगभूत होती. मुलाने कातलेल्या सुताची लांबी मोजता येते. परंतु कातताना त्याने कोणते प्रश्न विचारले, गणित व भूगोल यांच्याशी त्या कामाचा समवाय साधला की नाही, हे सूत मोजून कळत नाही. उद्योगाच्या फलितावरून त्यामागील शिक्षण जोखता येत नसल्याने शिक्षकाच्या दैनंदिन नोंदीच येथे उपयोगी पडतात.

प्रकार : निरीक्षकाच्या भूमिकेनुसार रेमंड गोल्ड यांनी १९५८ मध्ये पूर्ण सहभागी, निरीक्षक म्हणून सहभागी, सहभागी म्हणून निरीक्षक व पूर्ण निरीक्षक असे चार प्रकार सांगितले. सहभागी निरीक्षणात संशोधक शाळेच्या जीवनात दीर्घकाळ मिसळतो. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ व्हेरोनिक बेनेई यांनी कोल्हापूर येथील प्राथमिक शाळांत केलेला अभ्यास (२००८ मध्ये प्रसिद्ध) या प्रकारचा आहे. परिपाठ, प्रार्थना, गीते यांसारख्या नित्याच्या गोष्टींतून राष्ट्रभावना व मातृभाषेविषयीची आत्मीयता मुलांच्या अंगी कशी रुजते, हे त्यात दाखविले आहे. पाठ्यपुस्तके वाचून वा प्रश्नावल्या भरून घेऊन हे हाती लागले नसते.

नोंदीच्या स्वरूपानुसार निरीक्षण संरचित व असंरचित असते. असंरचित निरीक्षणात प्रसंगनोंदी व सविस्तर वर्णन यांवर भर असतो. संरचित निरीक्षणात पडताळा सूची, पदनिश्चयन श्रेणी वा संकेतांक वापरतात. ठराविक कालांतराने नोंद करणे हे समय-नमुना तंत्र होय. विशिष्ट घटना, उदा., मुलांतील भांडण, घडेल तेव्हा नोंद करणे हे घटना-नमुना तंत्र होय. फ्लँडर्स यांच्या पद्धतीत वर्गव्यवहाराचे दहा प्रवर्ग आहेत : पहिले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, आठवा व नववा विद्यार्थ्याच्या बोलण्याचे (अनुक्रमे उत्तरादाखल व स्वयंस्फूर्त) आणि दहावा शांतता वा गोंधळ यांचा. दर तीन सेकंदांनी एक संकेतांक लिहावयाचा असल्याने ३० मिनिटांच्या तासिकेत ६०० नोंदी होतात. तथापि साऱ्या वर्गाने एकसुरात पाढे म्हटले तरी आठवाच प्रवर्ग नोंदला जातो आणि मागच्या रांगेतील मूल गप्प बसले आहे हे नोंदीत येत नाही. संकेतांकांच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आवश्यक ठरतात, त्या यासाठी.

नियोजन : निरीक्षणाचे टप्पे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येतील. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील, पुलगावनजीकच्या नाचणगाव येथील एखाद्या प्राथमिक शाळेत कापूसवेचणीच्या हंगामात मुलांच्या वर्गातील सहभागावर काय परिणाम होतो, हा प्रश्न घेतला आहे असे समजू. हजेरीपटावरून दिवसातील एकाच वेळेची उपस्थिती कळते. म्हणून निरीक्षकाने शाळा भरताना, मधल्या सुट्टीनंतर व शाळा सुटताना अशी तीन वेळा शिरगणती करावी. प्रत्येक मुलाला पाच-पाच मिनिटे देऊन त्याची कृती टिपावी. आणि हीच पाहणी पावसाळ्यात व वेचणी आटोपल्यावर पुन्हा करावी. एकाच हंगामात पाहिल्यास हंगामी श्रमाचा परिणाम हा मुलांच्या अनास्थेचा पुरावा म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. निरीक्षकास तेथील बोली अवगत असावयास हवी. मुलाने ‘काहून?’ असे विचारले, तर तो ‘का?’ असा प्रश्न आहे हे न कळल्यास त्या मुलाची स्वयंस्फूर्त पृच्छा नोंदीतून निसटते, आणि प्रश्न विचारणारा वर्ग कागदावर मुका ठरतो.

विश्वसनीयता व वैधता : दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे केलेल्या नोंदींचा मेळ पाहून विश्वसनीयता ठरवितात. समजा २०० नोंदींपैकी १७० जुळल्या, तर जुळणी ८५ टक्के होते. परंतु दोघांनीही १६० वेळा ‘मूल कामात मग्न’ असे नोंदले असेल, तर केवळ योगायोगानेही ६८ टक्के नोंदी जुळल्या असत्या. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या कप्पा गुणकात हा योगायोगाचा भाग वजा करतात. वरील उदाहरणात तो सु. ०·५३ येतो, म्हणजे जुळणी दिसते तितकी समाधानकारक नाही. निरीक्षकांच्या पूर्वप्रशिक्षणाची गरज यावरून ध्यानात येते.

निरीक्षकाच्या उपस्थितीने वर्तन बदलणे ही वैधतेची मुख्य अडचण होय. पाहुणा आला की पाठ रंगतो व मुले सावरून बसतात. म्हणून पहिल्या काही दिवसांच्या नोंदी बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे. पूर्वसूचनेविना भेट हा दुसरा उपाय. मायकेल क्रेमर प्रभृतींनी २००३ मध्ये भारतातील सु. ३,७०० शाळांना अशा भेटी देऊन केलेल्या पाहणीत शासकीय प्राथमिक शाळांतील सु. २५ टक्के शिक्षक अनुपस्थित आढळले. जे प्रमाण झारखंडमध्ये ४२ टक्के होते, ते महाराष्ट्रात सु. १५ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वांत कमी होते. प्रत्यक्ष अध्यापन करीत असलेले शिक्षक निम्म्याच्या आसपास होते. मात्र अनुपस्थिती दिसली तरी तिचे कारण दिसत नाही. त्यासाठी अन्य साधनांचा आधार घ्यावा लागतो.

मर्यादा व उपयोजन : हेतू, भावना व भूतकालीन घटना निरीक्षणाच्या कक्षेत येत नाहीत. ही पद्धती वेळखाऊ असून तीत नमुना लहान राहतो. निरीक्षकाचे पूर्वग्रह, विशेषतः मुलाची जात, लिंग वा पेहराव यांवरून बनलेले मत, नोंदीत उतरू शकतात. शिक्षक व पालक यांची संमती, मुलांची नावे गुप्त राखणे आणि नोंदींचा वापर शिक्षकाविरुद्ध न करणे ही नैतिक पथ्ये पाळावी लागतात.

महाराष्ट्रात २०१० पासून प्राथमिक स्तरावर लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन मानले गेले. त्यामुळे संशोधकाचे हे साधन सामान्य शिक्षकाच्याही हाती आले. त्याचे यश नोंदवहीच्या जाडीवर अवलंबून नाही. तयार वाक्ये उतरवून भरलेल्या नोंदी प्रत्येक मुलाविषयी सारखेच सांगतात व म्हणून कोणाविषयीच काही सांगत नाहीत. उलट एका मुलाची, एका प्रसंगाची, तारीखवार केलेली अचूक नोंद त्याच्या पुढच्या पाठाची दिशा ठरवू शकते.