पांढरे उंदीर पाळावयाचे झाल्यास



आमचा बालाघाट जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर धानाच्या बांध्या पसरलेल्या आहेत. आणि जेथे धान तेथे उंदीर, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. पोती कुरतडणारा, कोठीत शिरून वर्षभराच्या कष्टांवर डल्ला मारणारा हा जीव. ‘मूषक’ हे त्याचे नावदेखील चोरी करणे या अर्थाच्या संस्कृत धातूशी जोडले जाते. अशा मुलखात राहून उंदीर कसे पाळावेत यावर बोलावयाचे, म्हणजे चोराला सन्मानाने जेवावयास बोलावण्याची रीत सांगण्यासारखेच आहे. तथापि शाळेतील मुले हा प्रश्न वारंवार विचारतात, आणि योग्य उत्तर न मिळाल्यास त्याची किंमत त्या मुक्या जीवास द्यावी लागते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण ज्याविषयी बोलत आहोत ती घूस नव्हे, छपरावरून धावणारा मोठा काळा उंदीर नव्हे आणि चिचुंदरीही नव्हे. चिचुंदरी तर उंदरांच्या कुळातीलच नाही. आपला विषय आहे तो पांढऱ्या अंगाचा, लालसर डोळ्यांचा, जेमतेम 25 ते 40 ग्रॅम वजनाचा लहान उंदीर. मूळचा हा घरउंदीरच. परंतु माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून वाढविल्यामुळे तो सौम्य प्रकृतीचा झाला आहे. जपानमध्ये अशा रंगीबेरंगी उंदरांची जोपासना कशी करावी यावर 1787 साली पुस्तक छापले गेले होते. इंग्लंडमध्ये 1895 साली उंदीर पाळणाऱ्या हौशी लोकांचे मंडळ स्थापन झाले. पुढे हाच प्राणी प्रयोगशाळांत गेला. पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात स्तनांच्या कर्करोगाचा आणि आनुवंशिकतेचा जो संबंध अभ्यासला, त्याचा पुष्कळसा आधार उंदरांवरील निरीक्षणे हाच होता. 2002 साली या प्राण्याच्या जनुकांचा आराखडाही प्रसिद्ध झाला. सारांश, ज्याला आपण क्षुद्र म्हणतो त्याचे मनुष्यजातीवर ऋण आहे.

आता प्रत्यक्ष पाळण्याकडे वळू. पहिला प्रश्न असा की, किती आणि कोणते उंदीर आणावेत? उंदीर हा कळपाने राहणारा प्राणी होय. एकटी मादी उदास राहते. म्हणून एकाच वेतातील दोन किंवा तीन माद्या आणणे सर्वांत उत्तम. दोन नर एकत्र ठेवल्यास ते बहुधा एकमेकांना रक्तबंबाळ करतात, शिवाय नराच्या मूत्रास उग्र दर्प असतो. नर आणि मादी एकत्र ठेवल्यास काय होते, याचा हिशेब मी वर्गात मुलांकडून करवून घेतो. मादी 19 ते 21 दिवसांत विते. एका वेतात सहा ते दहा पिले होतात. विल्यानंतर एका दिवसाच्या आतच ती पुन्हा गाभण राहू शकते. आणि पिले सहा आठवड्यांत स्वतः वंश वाढविण्यास समर्थ होतात. जानेवारीच्या आरंभी आणलेली एक जोडी मार्चअखेरीस सहज पन्नासाच्या वर जाते! एवढ्या उंदरांना घर कोठून देणार?

दुकानदाराच्या शब्दावर या बाबतीत विसंबून राहू नये. उंदीर हलक्या हाताने उचलून शेपटीच्या मुळाशी पाहावे. तेथील दोन छिद्रांमधील अंतर नरामध्ये मादीच्या जवळजवळ दुप्पट असते. दोन उंदीर शेजारी धरून तुलना केली म्हणजे हा भेद नवख्यासही कळतो. नाक वाहणारा, केस विस्कटलेला, श्वास घेताना कट्कट् आवाज करणारा उंदीर दया आली तरी घरी आणू नये. त्याचा रोग इतरांस लागतो.

दुसरा प्रश्न घराचा. दोनतीन माद्यांसाठी निदान 60 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच पिंजरा हवा. दोन सळ्यांमधील अंतर सहासात मिलिमीटरहून अधिक नसावे, कारण जेथून उंदराचे डोके जाते तेथून सारे अंगही जाते. तळाशी दोन बोटे जाडीचा थर घालावा. आमच्याकडे धानाचे तणस मुबलक मिळते. ते उन्हात वाळवून, झटकून, बारीक कापून घातले तर उत्तम. कोऱ्या कागदाच्या पट्ट्याही चालतात. लाकडाच्या वखारीतील बारीक भुसा मात्र वर्ज्य समजावा. त्याची धूळ नाकातोंडात जाते, आणि उंदराची फुप्फुसे जात्याच नाजूक असतात. ओली झालेली जागा रोज काढावी, आणि सारा थर आठवड्यातून एकदा बदलावा. परंतु बदलताना जुन्या घरट्यातील मूठभर तणस तसेच ठेवावे. स्वतःचा वास नाहीसा झाला की उंदीर बावरतो.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. म्हणून कुरतडण्यासाठी पेरूची स्वच्छ डहाळी आत ठेवावी. लपण्यासाठी लहान मडके, चढण्यासाठी सुती दोरी आणि धावण्यासाठी चाक द्यावे. चाक सळ्यांचे नसून भरीव पृष्ठभागाचे असावे, अन्यथा पाय किंवा शेपटी अडकून मोडते.

आहार साधा आहे. एका उंदरास दिवसाला चारपाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर धान्य पुरते. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांचे मिश्रण करावे, आणि त्यास थोडे भाजलेले हरभरे किंवा आठवड्यातून एकदोनदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा यांची जोड द्यावी. काकडी, गाजर, धुतलेली पालेभाजी थोडी द्यावी. गूळ, मिठाई, खारट व तळलेले पदार्थ, कांदा, चॉकलेट देऊ नये. पाणी पिंजऱ्यास टांगलेल्या नळीच्या बाटलीतून द्यावे. वाटीत ठेवल्यास तासाभरात ते घाण होते. बाटलीच्या तोंडाशी बोट लावून पाणी येते की नाही, हे रोज पाहावे. बाटली भरलेली, परंतु नळी तुंबलेली, आणि आतील जीव तहानेने व्याकुळ, असे अनेकदा घडते.

हाताळण्याविषयी एक जुना गैरसमज आहे. उंदीर शेपटीने उचलावा असे पूर्वी सर्रास सांगत. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, शेपटीने उचललेले उंदीर भित्रे होतात, तर ओंजळीत किंवा नळीत शिरवून उचललेले उंदीर माणसाजवळ आपण होऊन येतात. म्हणून पहिले दोनतीन दिवस नवीन उंदरास मुळीच हात लावू नये. नंतर तळहातावर दाणा ठेवून स्वस्थ बसावे. तो आपण होऊन हातावर चढला म्हणजे ओळख झाली असे समजावे. दिवसा तो झोपतो. मुलांनी त्यास हलवून उठवू नये. माणसास ऐकू न येणारे अतिसूक्ष्म ध्वनी त्यास ऐकू येतात, म्हणून दूरदर्शन संचाशेजारी पिंजरा ठेवू नये.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती सांगताना मला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या वर्गासाठी मी दोन माद्या आणल्या होत्या. नाताळच्या सुटीनंतर सारा हिवाळा त्या उत्तम राहिल्या. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना घरी नेले, आणि मांजराच्या भीतीने माशांच्या जुन्या काचेच्या पेटीत ठेवून वर जाळी बसविली. मे महिन्यातील एका दुपारी वीज गेली. मी बाहेरगावी होतो. सायंकाळी परतलो तेव्हा एक मादी मरून पडली होती आणि दुसरी धापा टाकीत होती. उंदीर पाहावयास आलेल्या शेजारच्या मुलाने विचारले, “सर, ही झोपली आहे का?” त्या प्रश्नाला उत्तर देणे मला जड गेले. पेटी मांजरापासून सुरक्षित होती. उष्णतेचा विचार मी केला नव्हता.

उंदरास घाम येत नाही. अंगास लाळ फासून तो कसेबसे अंग निववितो. 20 ते 26 अंश तापमानात तो सुखी असतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. काचेच्या पेटीत हवा कोंडून ती भट्टी होते. म्हणून येथे जाळीचाच पिंजरा वापरावा. घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून थोड्या उंचीवर तो ठेवावा. आत मातीचे मडके आडवे ठेवावे व ते बाहेरून ओले करावे. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर ओला पंचा टाकावा, परंतु वारा अडवू नये. कूलरचा झोत थेट अंगावर सोडू नये. आणि दुपारी घरी कोणीतरी असावे, हे सर्वांत महत्त्वाचे. दुसरी मादी त्या रात्री मडक्याच्या गारव्यात वाचली आणि पुढे वर्षभर जगली.

आरोग्याविषयी पालकांच्या मनात शंका असते, आणि ती रास्त आहे. प्लेगचे स्मरण या प्रदेशातून अद्याप गेलेले नाही. परंतु प्लेगची साथ मुख्यत्वे मोठ्या काळ्या उंदरावरील पिसवांनी पसरविली. जाणत्या ठिकाणी वाढलेला, स्वच्छ पिंजऱ्यातील पांढरा उंदीर त्या कोटीतला नव्हे. तरीही रानटी उंदरांच्या मलमूत्रातून रोग पाळीव उंदरात व त्याच्यामधून माणसात येऊ शकतात. म्हणून पिंजऱ्यास हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये, घरातील उंदरांस त्याजवळ फिरकू देऊ नये, आणि गर्भवती स्त्रियांनी तो साफ करू नये. चावा घेतल्यास जखम धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरात उंदरांसाठी विष ठेवण्याची रीत असेल, तर ते पिंजऱ्यापासून आणि मुलांपासून दूर असावे, हे सांगावयास नको.

कंटाळा आला म्हणून उंदीर शेतात सोडून देणे ही भूतदया नव्हे. पांढऱ्या रंगामुळे तो घुबडास व मांजरास तत्काळ दिसतो. आणि वाचलाच, तर शेजाऱ्याच्या कोठीत शिरतो. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 सालचा कायदा प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या कुशलतेची जबाबदारी टाकतो, आणि ती जबाबदारी प्राण्याच्या आकाराप्रमाणे लहानमोठी होत नाही.

तेव्हा पालकहो, मुलाने हट्ट धरल्यास त्यास तीन प्रश्न विचारावेत. रोज पाणी कोण पाहील? सुटीत आपण गावी गेलो तर उंदीर कोणाकडे राहतील? मे महिन्यातील दुपारी त्यांना कोठे ठेवावयाचे? उत्तरे मिळाली तर हिवाळ्याच्या आरंभी दोन माद्या अवश्य आणाव्यात, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत मुलाचा हात बसलेला असेल. उंदराचे आयुष्य दीड ते दोन वर्षांचे, क्वचित तीन. सहावीत असताना आणलेल्या उंदराचा निरोप मूल बहुधा आठवीपर्यंत घेते. त्या दिवशी त्यास रडू येईल. ते येऊ द्यावे, आणि दुसरा उंदीर आणण्याची घाई करू नये.