सुरतेचा पाद्री कोणाचा?

१६१३ साली पोर्तुगिजांनी सुरतेच्या बंदराजवळ ‘रहीमी’ नावाचे एक मोठे जहाज पकडले. हे जहाज जहांगीर बादशहाच्या आईच्या मालकीचे होते आणि मक्केच्या यात्रेकरूंची ने-आण करीत असे. संतापलेल्या बादशहाने दमणला वेढा घालण्याची आज्ञा दिली, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याचबरोबर आग्र्यातील जेझुइटांच्या चर्चला टाळे लागले आणि अकबराच्या काळापासून दरबारात मान असलेल्या पाद्र्यांचे तनखे बंद झाले. त्या पाद्र्यांनी काही जहाज पकडले नव्हते. ते गोव्याहून, पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखाली आले होते, आणि मुघल दरबाराला तेवढी ओळख पुरेशी होती.

यानंतर अर्ध्या शतकाने, १६६४च्या जानेवारीत, शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. मुघल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. धनिकांचे वाडे खणले गेले, पेठा जळाल्या. इंग्रज आणि डच आपापल्या वखारींत शस्त्रे सज्ज करून बसले होते, म्हणून वाचले. मात्र हाती शस्त्र नसलेले एक घर या धामधुमीत सुरक्षित राहिले. ते होते आम्ब्रोझ या फ्रेंच कापुचिन पाद्र्याचे. पाद्री सज्जन आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, अशी महाराजांची आज्ञा होती, असे फ्रान्स्वा बर्निये या समकालीन फ्रेंच प्रवाशाने नमूद केले आहे. मरण पावलेल्या एका दानशूर हिंदू दलालाचे घरही याच कारणाने वाचल्याचे तो सांगतो.

हा प्रसंग आपल्याकडे महाराजांच्या धर्मसहिष्णुतेचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि त्यात चूक काहीच नाही. पण गोमंतकीय वाचकाने त्याच्या शेजारी १६६७ची बार्देशवरील स्वारी ठेवून पाहावी. त्या स्वारीत पाद्री मारले गेले. महाराजांविरुद्ध उठलेल्या देसायांना पोर्तुगिजांनी दिलेला आश्रय हे स्वारीचे एक कारण होते, आणि ख्रिस्ती नसलेल्यांना हाकलण्याच्या पोर्तुगीज फर्मानाशीही समकालीन इंग्रजी पत्रांत तिचा संबंध जोडलेला आढळतो. तीन वर्षांच्या अंतराने, एकाच सत्ताधीशाकडून, एकाच धर्माच्या पाद्र्यांना असे दोन अगदी वेगळे अनुभव आले. ही विसंगती केवळ वरवरची आहे. बार्देशातील पाद्री हा राज्ययंत्रणेचा घटक होता. सुरतेतील आम्ब्रोझच्या पाठीशी मात्र त्या जानेवारीत कोणतेच राज्य उभे नव्हते. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापनाच त्या वर्षाच्या उत्तरार्धात झाली आणि सुरतेत तिची वखार निघायला आणखी काही वर्षे जावी लागली.

पाद्र्यापाद्र्यांतील हा भेद रोमहून आलेला होता. पूर्वेकडील चर्चचा कारभार पोर्तुगीज राजाच्या हाती सोपविणारी व्यवस्था म्हणजे ‘पाद्रोआदो’. बिशप कोण, धर्मप्रांत कोणता, हे राजा ठरवी आणि खर्चही तोच उचली. धर्मप्रसाराची सूत्रे अशी एका राजाच्या मुठीत गेल्याचे पोपला उशिरा उमगले. १६२२ मध्ये रोमने ‘प्रोपागांडा फिदे’ ही स्वतःची धर्मप्रसारसंस्था काढली आणि राजाला न विचारता आपली माणसे पाठविण्यास प्रारंभ केला. सुरतेचे कापुचिन या दुसऱ्या वाटेने आले होते. गोव्याच्या आर्चबिशपच्या दृष्टीने ते जवळजवळ घुसखोरच.

हे वैर किती टोकाचे होते, याची साक्ष एफ्राइम या कापुचिनाच्या हकिगतीत मिळते. मद्रासेत इंग्रजांच्या आश्रयाने राहणाऱ्या या पाद्र्याला १६४९ मध्ये पोर्तुगिजांनी सांतोमेत पकडले आणि गोव्याच्या इन्क्विझिशनच्या हवाली केले. त्याला सोडविण्यासाठी सुरतेहून झेनो हा त्याचा बंधुपाद्री गोव्याकडे निघाल्याचे ताव्हेर्निए या जवाहिऱ्याने लिहिले आहे. अखेर कामी आला तो गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा दबाव. एका कॅथलिक पाद्र्याची कॅथलिक न्यायपीठाच्या कोठडीतून सुटका व्हावी म्हणून मुसलमान सुलतानाचा धाक उपयोगी पडावा, हा सतराव्या शतकाच्या राजकारणाचा खास नमुना. दिवाडीचा मातेउश द कास्त्रो हा तर घरचाच दाखला. ब्राह्मण कुळातला म्हणून गोव्यात त्याच्या धर्मदीक्षेची वाट अडली, रोमने त्याला पाद्री केले आणि १६३७ मध्ये बिशपही. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला मान्यता दिली नाही, तेव्हा त्याने आदिलशाही मुलखात, डिचोलीला, आपले ठाणे मांडले.

इंग्रज हे भांडण शांतपणे पाहत होते आणि त्यातून शिकतही होते. मुंबई हाती आल्यावर तेथील कॅथलिक प्रजेवर गोव्याच्या आर्चबिशपचा अंमल चालावा, हे त्यांना खुपू लागले. १७२० मध्ये मुंबई सरकारने पोर्तुगीज पाद्र्यांना बाहेर काढले आणि चर्चे रोमच्या कार्मेलाइट पाद्र्यांकडे सोपविली. प्रोटेस्टंट कंपनीला या दोघांच्या धर्मतत्त्वांशी काही देणेघेणे नव्हते. ज्याच्यामागे शेजारचे राजसिंहासन नाही असा पाद्री तिला हवा होता.

स्वतःच्या पाद्र्यांबाबतही कंपनी तितकीच सावध होती. सुरतेच्या वखारीत तिचे पाद्री पहिल्यापासून असत. हेन्री लॉर्ड याने बनिया आणि पारशी यांच्या धर्मांवर १६३० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. १६६४च्या लुटीचे वर्णन करणारे एक महत्त्वाचे इंग्रजी पत्र वखारीचा पाद्री एस्कालिओ याच्या हातचे आहे. पण या मंडळींचे काम होते वखारीतल्या गोऱ्यांसाठी प्रार्थना म्हणणे आणि ते मेले की पुरणे. दुसरे काम किती पडे, हे सुरतेच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीतील ऑक्झेंडन बंधूंची घुमटदार कबर पाहिली की कळते. शहरातल्या व्यापाऱ्यांचा धर्म बदलणे मात्र कंपनीच्या हिशेबात बसणारे नव्हते. ज्याच्या हुंडीवर जहाज भरायचे, त्याच्या देवाला नावे ठेवून चालत नाही.

१७५९ मध्ये सुरतेचा किल्ला आणि १८०० मध्ये शहराचा सारा कारभार इंग्रजांकडे आला, तरी हे धोरण टिकले. १८०६च्या वेलोर येथील शिपायांच्या उठावाने ते अधिक पक्के झाले. विल्यम केरीला सेरामपूर गाठावे लागले ते याचमुळे. तो मुलूख डेन्मार्कच्या ताब्यात होता. १८१३च्या सुरुवातीला मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांनाही परत धाडण्याची तयारी झाली होती. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना पार्लमेंटने मिशनऱ्यांना परवाना देण्याची तरतूद घातली आणि दार किलकिले झाले.

त्या दारातून सुरतेत शिरली ती लंडन मिशनरी सोसायटी. १८०५च्या सुमारास तिने सुरतेसाठी दोन माणसे पाठविली होती, पण एक मद्रासेतच रमला आणि दुसरा, डॉ. टेलर, मुंबईत सरकारी शल्यचिकित्सक झाला. १८१५ मध्ये जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी हे दोघे मात्र खरोखर सुरतेत येऊन राहिले. त्यांनी शाळा काढल्या, गुजराती शिकले, छापखाना घातला आणि १८२०च्या दशकाच्या प्रारंभी बायबलचे गुजराती भाषांतर छापून काढले. पुढे विल्यमचा भाऊ अलेक्झांडर येऊन मिळाला आणि १८४० मध्ये सुरतेतच वारला. तीन दशकांच्या या खटाटोपानंतर ख्रिस्ती झालेली माणसे मोजकीच होती. जैन, वैष्णव, पारशी, बोहरा अशा घट्ट विणीच्या महाजनी शहरात धर्म बदलणारा माणूस पेढी, पंगत आणि सोयरिक एकाच दिवशी गमावून बसे.

मग मिशन सुरतेत राहून गेले काय? राहिला छापखाना, आणि वाद घालण्याची एक नवी रीत. या गोष्टीत मराठी वाचकाचा एक जवळचा माणूस आहे. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४०च्या दशकाच्या पूर्वार्धात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे दुर्गाराम मेहताजी या नागर ब्राह्मण शिक्षकाशी त्यांचा स्नेह जुळला. दुर्गारामांनी १८४२ मध्ये पुस्तकप्रसारासाठी मंडळी स्थापून शिळाप्रेस आणला होता. १८४४च्या जूनमध्ये या दोघांनी काही स्नेह्यांसह ‘मानव धर्म सभा’ स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास अशी सारी नावे ‘द’ची, म्हणून सुरतकर त्यांना ‘पाच दद्दे’ म्हणत. हा दलपतराम प्रसिद्ध कवी नव्हे, एक शिक्षक.

ईश्वर एक आहे, माणसाची जात एक आहे, मंत्रतंत्र थोतांड आहे, असे सभेत बोलले जाई. भूत उतरविणाऱ्या मांत्रिकांना दुर्गाराम जाहीर आव्हान देत. यातले पुष्कळसे मिशनरीही बोलत होते. ते हिंदूंच्या मूर्तिपूजेवर आणि जातिभेदावर तुटून पडत. सभेने ती टीका ऐकली, तिच्यातले पटले ते उचलले आणि ख्रिस्ती न होता ते आपल्याच लोकांसमोर मांडले. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले, तेव्हापासून सारा पश्चिम किनारा या प्रश्नाने ढवळून निघाला होता. दादोबांनी ‘धर्मविवेचन’ लिहिले ते सुरतेत. १८४६ मध्ये ते सुरत सोडून गेले तशी सभा मंदावली, पण १८४९ची मुंबईतील परमहंस सभा तिच्याच बीजातून उगवली. महाराष्ट्राच्या धर्मसुधारणेचा इतिहास लिहिताना आपण मुंबई-पुण्यापासून सुरुवात करतो. सुरतेचे हे ऋण बहुधा तळटीपेत जाते.

गोव्याशी येथे तुलना अपरिहार्य ठरते. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये, म्हणजे सुरतेच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी, आला. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पुढे, १६८४ मध्ये, पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घालणारे फर्मान काढले. ज्या भाषेत मिशनने काव्य छापले, त्याच भाषेचा राज्याला संशय आला. सुरतेत राज्य मिशनपासून चार हात दूर राहिले, म्हणून मिशनला लोकांच्या भाषेवाचून दुसरे हत्यारच उरले नाही.

सुरतेत मूठभर माणसे मिळविणाऱ्या याच लंडन सोसायटीने दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात काय केले, हे पाहिले म्हणजे भेद अधिक ठसतो. रॉबर्ट मॉफट याने कुरुमान येथे ठाणे उभारले आणि १८५७ पर्यंत संपूर्ण बायबल त्स्वाना भाषेत छापून काढले. पद्धत तीच: शाळा, व्याकरण, छापखाना. पण आजच्या बोत्स्वानात या सामग्रीला गिऱ्हाईक मिळाले ते थेट राजे. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८४८ मध्ये सेचेले या राजाला बाप्तिस्मा दिला. त्यानंतरच्या पिढीतील ङ्वातो जमातीचा राजा तिसरा खामा याने ख्रिस्ती धर्माचा राजधर्म केला, दारूबंदी पुकारली आणि आपल्या राज्यात सोसायटीखेरीज दुसऱ्या पंथाला थारा दिला नाही. एका मिशनऱ्याशी त्याचे बिनसले, तेव्हा जावे लागले ते मिशनऱ्याला.

खामाचे खरे राजकारण १८९५ मध्ये दिसले. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला त्याचा मुलूख तोडून देण्याचे घाटत होते. खामा, बाथोएन आणि सेबेले हे तीन राजे विलोबी या मिशनऱ्याला बरोबर घेऊन इंग्लंडला गेले. चर्चांतून, दारूबंदीवाल्यांच्या सभांतून त्यांनी भाषणे केली: कंपनी आली तर तिच्याबरोबर दारू येईल आणि जमिनी जातील. इंग्लंडच्या धर्मभीरू मतदाराला हे भिडले. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी बहुतेक मुलूख कंपनीच्या हाती न देता राणीच्या संरक्षणाखाली ठेवला. १९६६ मध्ये बोत्स्वाना स्वतंत्र झाला, तेव्हा पहिला अध्यक्ष सेरेत्से खामा हा याच राजाचा नातू होता.

यावरून मिशनरी हा आफ्रिकेचा तारणहार होता, असा अर्थ कोणी काढू नये. शेजारच्या माताबेले राज्यात राजा लोबेंगुला याने १८८८ मध्ये ऱ्होड्सच्या माणसांना खाणींचा हक्क लिहून दिला. तो कागद त्याला समजावून सांगणारा दुभाषा चार्ल्स हेल्म याच सोसायटीचा मिशनरी. तोंडी दिलेली आश्वासने कागदावर उतरली नव्हती, आणि काही वर्षांतच लोबेंगुलाचे राज्य गेले. सोसायटी तीच आणि दशकही जवळपास तेच. फरक होता तो मिशनऱ्याच्या शेजारी कोण उभे होते आणि कागदाचा अर्थ ठरविण्याची शक्ती कोणाकडे होती, यात.

सुरतेत मिशनला ना खामा भेटला ना ऱ्होड्स. १८४६ मध्ये सोसायटीने तेथील काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या स्वाधीन केले. त्या मिशनला पुढे अनुयायी मिळाले ते प्रामुख्याने खेडा भागातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या विणकर समाजात. त्यांना सोडण्यासाठी पेढीही नव्हती आणि पंगतही. जोसेफ टेलर या मिशनऱ्याने लिहिलेले गुजराती व्याकरण मात्र ख्रिस्तीतरांच्या शाळांतही पोचले. १८९५ मध्ये अमेरिकन ब्रेदरन मिशन वलसाडला आले आणि तेथून डांगच्या आदिवासी पट्ट्यात गेले. १९९८च्या नाताळात डांगमधील प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले ते याच पट्ट्यात.

परवान्याचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. गुजरातच्या २००३च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार धर्मांतर घडवून आणणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. २०२१ मध्ये विवाहाद्वारे होणाऱ्या धर्मांतरासंबंधीच्या तरतुदी त्यात घालण्यात आल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यांतील काही कलमांना अंतरिम स्थगिती दिली.