हाकेला ओ न देणारे मूल



आई परड्यातून हाक मारते. दोन वर्षांचे पोर अंगणात मातीत खेळत असते, मान वर करीत नाही. आजी म्हणते, "हट्टी आहे. याचा बापही उशिराच बोलला." पुढे शाळेत शेरा मिळतो, "मंद आहे." कान तपासावेत हे मात्र कोणालाच सुचत नाही.

भाताच्या लावणीचे दिवस टळले की मागाहून कितीही खत घाला, पीक पुरते सावरत नाही. मुलाच्या बोलीचेही तसेच आहे. भाषा शिकण्याचा मुख्य हंगाम म्हणजे पहिली तीन वर्षे. या काळात शब्द कानी पडला नाही, तर बुद्धी शाबूत असूनही मूल मागे राहते.

म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवा. तान्हे मूल मोठ्या आवाजाने दचकते. सहा महिन्यांच्या सुमारास ते आवाजाकडे मान वळवते. वर्षाचे झाले की नावाने मारलेली हाक ओळखते, एखादा शब्द बोलते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते. असे होत नसेल तर थांबू नका. थाळी वाजवून केलेल्या परीक्षेवर विसंबू नका. मूल जमिनीच्या हादऱ्याने किंवा तुमच्या सावलीनेही वळते. शिवाय काही मुलांना मोठा आवाज ऐकू येतो, पण हळू बोललेले कळत नाही. यंत्राने होणारी तपासणी दुखत नाही. ती जन्मानंतर लगेचही करता येते.

कान वाहत असेल तर त्यात तेल, दूध किंवा पाल्याचा रस घालू नका. डॉक्टरांना दाखवा. गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर मूल बहिरे जन्मू शकते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते. आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना विचारा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत, जवळच्या किंवा आपण निवडू त्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला घेण्यात लाज कसली?

श्रवणयंत्र मिळाले तर ते पेटीत जपून ठेवायची वस्तू नव्हे. अंघोळ, पाऊस व झोप सोडून ते दिवसभर कानात असावे. त्याचे सेल मात्र लहानांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्यास जिवावर बेतते.

बाकीचे काम घरचे आहे. मुलासमोर बसून, तोंडावर उजेड घेऊन, सावकाश बोला. ओरडू नका. शेतावर न्या, वस्तू दाखवून नावे सांगा: "हा बैल. बैल पाणी पितो." हातांच्या खुणाही करा, खुणांनी बोलणे खुंटत नाही. शाळेत पहिल्या बाकावर बसवायला सांगा, आणि गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून शिकवू नये अशी विनंती करा. ट्रॅक्टर व मळणीयंत्राजवळ अशा मुलाला एकटे सोडू नका. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज त्याला कळत नाही.

आज संध्याकाळी आपल्या घरातल्या लहानग्याला त्याच्या पाठीमागून हळूच हाक मारून पाहा. तो वळला नाही, तर रागावण्याआधी त्याला दवाखान्यात न्या.