भिशीचा शनिवार

ऑक्टोबर १९३३. सोलापूर. मुरारजी पेठेत गिरणीच्या भिंतीलगत सावलीची एक अरुंद पट्टी आहे. तिच्यात मावतील तेवढी माणसे उभी आहेत, उरलेली उन्हात. पगाराचा शनिवार आहे. खिडकीपुढची रांग भिंतीला वळसा घालून मागे गेली आहे आणि तिचे टोक इथून दिसत नाही.

रांगेत तेलुगू ऐकू येते, कानडी ऐकू येते, उर्दू आणि मराठीही. भुवयांवर कापसाची लव बसली आहे. बायका पदराने वारा घेतात. आतून नाव पुकारले जाते, एक हात खिडकीत जातो, अंगठा शाईच्या गादीवर टेकतो, मग वहीवर. नाणी मोजून हातावर पडतात. बाहेर येता येता तो अंगठा भिंतीवर पुसला जातो. खिडकीशेजारची भिंत अशा अंगठ्यांनी निळी-जांभळी झाली आहे.

खिडकीच्या आत बसलेला कारकून तेवीस वर्षांचा आहे. आपल्याला त्याच्याबरोबरच जायचे आहे, पण रांग संपेपर्यंत थांबावे लागेल. टीपकागद घामाने ओला झाला आहे. छताला पंखा नाही. वर नुसता पत्रा आहे आणि पत्र्यावर कावळ्यांची नखे वाजतात. कामगारांच्या आठवड्याला कायद्याने साठ तासांची मर्यादा आहे. कारकुनाचे तास कोणी मोजत नाही. त्याला महिना पस्तीस रुपये मिळतात.

फाटकाबाहेर लिंबाखाली पठाण उभे आहेत. हातात जाड काठ्या. ते कोणाला हाक मारत नाहीत. बाहेर पडणारा माणूस आपणहून त्यांच्याकडे वळतो आणि मूठ उघडतो. रुपयाला महिन्याचे व्याज आणा-दोन आणे.

साडेपाचला कारकून नळावर तोंड धुतो, कोट झटकतो, काळी टोपी नीट बसवतो. तीन वर्षांपूर्वी, मे-जून १९३०मध्ये, या शहरावर लष्करी कायदा होता. पांढरी गांधी टोपी दिसली की शिपाई अडवत. त्या दिवसांतल्या आरोपांवरून १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे चौघे येरवड्याला फाशी गेले. कारकुनाच्या ट्रंकेत एक पांढरी टोपी घडी करून ठेवलेली आहे. रविवारी तो ती घालतो. कचेरीत काळी.

रस्त्यावर धुरळा आहे, टांग्यांची घाई आहे. माणिक चौकात भज्यांचा वास येतो. हॉटेलात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग बाकडी दिसतात, संगमरवरी तुकड्यांची मेजे दिसतात, कोपऱ्यातला ग्रामोफोन दिसतो. मागच्या बाजूचे लांब मेज दर महिन्याच्या या शनिवारी भिशीचे असते.

बारा जणांची भिशी, प्रत्येकी दोन रुपये. शाळामास्तर वही सांभाळतात. टपाल कचेरीतला एक, नगरपालिकेतला एक, अडत दुकानातला दिवाणजी, दोन-तीन गिरण्यांचे कारकून. सगळे तिशीच्या आतले, मास्तर तेवढे वडीलधारे. चहा दोन पैशांचा. तो निम्मा-निम्मा बशीत ओतला की दोघांचा होतो, आणि अलीकडे तो तसाच येतो. कोणी मागवताना सांगत नाही, पोऱ्या आपणच रिकाम्या बश्या जास्तीच्या आणतो.

बोलणे भावांवरून सुरू होते. सध्या सगळीकडे तेच आहे. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा आकडा १९१४ साली शंभर धरला, तर १९२९मध्ये तो १४१ होता. यंदा ८७वर आला आहे. ऐकायला बरे वाटते. कारकुनाला खानावळीचे महिन्याला नऊ रुपये पडतात आणि ताटात शेंगाचटणी, भाकरी, आमटी, वर तूपही दिसते. ठरावीक पगार आणि उतरते भाव. या मेजावर बसलेल्यांपैकी ज्यांची नोकरी टिकली आहे, त्यांना पोटभर मिळते. पण त्यांच्यातल्या बहुतेकांचे घर खेड्यात आहे, आणि भाव उतरतात म्हणजे त्या घराचीच ज्वारी उतरते. शेतसारा मात्र रोख रकमेत ठरलेला आहे, तो उतरत नाही. चार वर्षांपूर्वी एक पोते विकून जेवढा भरता येई, तेवढ्याला आता दोन पोती न्यावी लागतात. हे मेजावर सगळ्यांना ठाऊक आहे. ताटातल्या स्वस्त भाकरीची किंमत कुणाच्या तरी वडिलांनी मोजलेली असते, म्हणून स्वस्ताईचे कौतुक इथे कोणी मोठ्याने करत नाही.

टपालवाला आपली कथा सांगतो. डिसेंबर १९३१पासून सरकारी पगारात दहा टक्के काट. यंदा एप्रिलपासून त्यातले पाच परत. त्याच डिसेंबरात पोस्टकार्ड अर्ध्या आण्याचे पाऊण आण्याला गेले. "सगळे उतरले, कार्ड तेवढे चढले," तो म्हणतो. "लोक येतात, किंमत ऐकतात, आणि खिडकीवरून परत जातात. आईला पत्र लिहायचे लांबवतात हो!" त्याचा आवाज चढतो. ही गोष्ट त्याला मनापासून लागली आहे.

शेजारच्या बाकावर एक पागोटेवाले गृहस्थ मघापासून ऐकत आहेत. ते मास्तरांकडे झुकतात. मुलगा कुणाचा, गाव कोणते, पगार किती. मग खालच्या आवाजात, "नोकरी कायम आहे ना?" पत्रिकेच्या आधी हल्ली हे विचारतात. मास्तर मान हलवतात. कारकून बशीकडे बघत राहतो.

आज एकजण उशिरा आला आहे आणि बाकड्याच्या टोकाला बसला आहे. त्याची पेढी श्रावणात बंद झाली. कोट इस्त्रीचा आहे, दाढी केलेली आहे. मास्तरांनी वही उघडली तेव्हा तो उठायला लागतो. "माझे नाव कमी करा," एवढेच म्हणतो.

मास्तर त्याला बसवतात. मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब. दोन रुपये म्हणजे बत्तीस आणे. अकरा जणांनी तीन-तीन आणे काढले की तेहेतीस. "एक आणा उरतो. त्याचे दोन चहा सांग, आणि पुढचे बोल." कोणी त्याच्याकडे बघत नाही, सगळे खिशात हात घालतात. मला या काळाबद्दल जे काही वाटते ते या तेहेतीस आण्यांत आहे. सभा नाही, वर्गणीची पावती नाही. वहीत त्याच्या नावापुढे इतरांसारखीच रेघ पडते.

हॉटेलवाल्याचा धाकटा मुलगा बारा चिठ्ठ्यांतून एक उचलतो. चोवीस रुपये कारकुनाला लागतात.

तिथून सगळे मधल्या मारुतीकडे निघतात. दिवाळी तोंडावर आहे. चाटी गल्लीत गॅसबत्त्या फुसफुसत आहेत, दुकानदार उंबऱ्यात येऊन बोलावतात, ठाण उलगडून दाखवतात. गिऱ्हाईक हात लावून पाहते आणि पुढे सरकते. जपानी कापडावरची जकात जूनमध्ये ७५ टक्क्यांवर गेली, तरी ते अजून फडताळात आहे, रंगही डोळ्यांत भरतात. मंडळींतला एक गांधीवाला तिकडे पाठ करून उभा राहतो.

सराफाच्या पेढीपुढे मात्र जागा नाही. पण घ्यायला आलेले कोणीच नाही, सगळे विकायला आले आहेत. १९३१च्या सप्टेंबरात रुपयाने पौंडाबरोबर सोन्याची साथ सोडली. तोवर एकवीस-बावीस रुपयांवर असलेला तोळा आता तिशी ओलांडून गेला आहे. खेड्यांतून डाग येतात, वितळतात, मुंबईला जातात आणि बोटीत चढतात. एक म्हातारी काट्याकडे टक लावून बसली आहे. सराफ गुंज घालतो, काढतो.

कारकून थांबतो. खिशात वडिलांचे कार्ड आहे. मागच्या सालचा सारा सावकाराकडून काढून भरला. आता पेरणी उरकली आहे आणि सावकार आईच्या पाटल्यांचे नाव काढतो. भाव चढा आहे, विकून टाका, असे गावात सगळे म्हणतात.

रात्री बोलपटाला जायचे ठरले होते. अडीच वर्षांपूर्वी पहिला हिंदी बोलपट आला, गेल्या वर्षी पहिला मराठी, आणि तेव्हापासून शनिवारचा खेळ म्हणजे या मंडळींचा सण. चार आण्यांचे तिकीट. आज तीन आणे गेले आहेत. कोणी विषय काढत नाही. पावले आपोआप विजापूर वेशीवरून पंचकट्ट्याकडे वळतात.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी आजही संध्याकाळी उभे राहिले की पाण्यावरून येणारा वारा घामावर लागतो आणि समोर भुईकोटाचे बुरूज काळे दिसतात. मंडळी काठावर बसतात. खिशातून शेंगा निघतात. शेंगा स्वस्त आहेत, त्या मनसोक्त खाता येतात. मास्तर वाचनालयातल्या वर्तमानपत्रातले सांगतात: अमेरिकेत लाखो माणसे बेकार, तिकडच्या बँका बुडाल्या. बेकार मित्र पहिल्यांदाच बोलतो. बार्शीला एका जिनिंगमध्ये हंगामापुरती जागा आहे, असे त्याने ऐकले आहे. दिवाणजी त्या मालकाला ओळखतो. उद्या चिठ्ठी देतो म्हणतो.

"पाटल्यांचे काय करतोस?" टपालवाला कारकुनाला विचारतो.

"विकू द्यायच्या नाहीत. चोवीस आहेत, पगारातले सहा घालतो. सावकार एवढ्यावर चैत्रापर्यंत थांबेल."

"मग सोमवारी दहाच्या आत ये. मनिऑर्डरचा फॉर्म मी काढून ठेवतो. पगाराचा आठवडा आहे, नंतर रांग पार रस्त्यापर्यंत जाते."