दीड वेळा संकलन
लेखांक सातवा

संकलन हा एक ऑपरेटर मानायचा, म्हणजे एक फल आत घातलं की दुसरं फल बाहेर येतं, असं आपण गेल्या आठवड्यात ठरवलं. तो दोनदा किंवा तीनदा लावण्यात काही नवल नाही. पण अर्ध्यांदा लावता येईल का? अर्ध्या विकलनाचा प्रश्न लायबनिट्झ आणि लोपिताल यांच्या १६९५ मधल्या पत्रव्यवहारातच आला होता. त्याचं एक उत्तर दर पावसाळ्यात लोणावळ्यात डोळ्यांसमोर वाहत असतं.

भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं गेलं. ते भरलं की पाणी सांडव्यावरून पायऱ्यांवर उतरतं. ते किती वाहतं हे मोजायला वाहत्या पाण्याचे आडवे थर कल्पा. पृष्ठभागापासून थर जितका खोल, तितका त्याचा वेग जास्त. टोरिचेलीच्या नियमानुसार तो खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. प्रत्येक थराच्या रुंदीला त्याच्या वेगाने गुणून सगळ्या थरांची बेरीज केली की प्रवाह मिळतो. प्रत्यक्षात धार आकसते, म्हणून पातळ कडेच्या खाचेसाठी या बेरजेला साधारण ०.६ ने गुणावं लागतं. गणिताचा गाभा मात्र तोच राहतो.

आता रीमान आणि लियूव्हिल यांची व्याख्या पाहा. त्यांच्या मते ‘अल्फा वेळा संकलन’ म्हणजे अंतराच्या ‘अल्फा वजा एक’ या घाताने वजन देऊन केलेली बेरीज. आपल्या बेरजेत थराची पृष्ठभागापासूनची खोली हे अंतर आणि त्याचा वेग हे वजन; या वजनाचा घात अर्धा आहे, म्हणून अल्फा दीड. स्थिरांक सोडला तर सांडवा आपल्या रुंदीच्या फलाचं दीड वेळा संकलन करतो!

याचा पडताळा लगेच घेता येतो. रुंदी सर्वत्र सारखी असेल तर तिचा घातांक शून्य, म्हणून प्रवाह उंचीच्या दीड घाताने वाढतो. माथ्यावरचं पाणी दुप्पट जाड झालं की प्रवाह जवळजवळ २.८३ पट होतो. पायऱ्यांवर बसलेल्याला मात्र पाणी थोडंच वाढल्यासारखं वाटतं. धरणातून झिरपणारं पाणी मोजण्यासाठी व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच बसवतात. त्याची रुंदी उंचीबरोबर वाढते, म्हणून तिथे घातांक अडीच आणि दुपटीला ५.६६ पट.

उलटा प्रश्न मला जास्त सुंदर वाटतो. प्रवाह उंचीच्या सरळ प्रमाणात हवा असेल तर खाच कशी कापावी? दीड वेळा केलेलं संकलन उलटवलं की उत्तर मिळतं: रुंदी उंचीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात हवी. अगदी तळाशी ती अनंत होते, म्हणून अशा खाचेच्या बांधात, म्हणजे सुट्रो वियरमध्ये, खाली आयताकृती भाग ठेवतात. अशीच उलट वाट आबेलने १८२३ मध्ये काढली होती. मणी कोणत्या उंचीवरून घसरला तर किती वेळ लागतो हे ठाऊक असताना उताराचा आकार शोधायचा, हा त्याचा प्रश्न होता. तिथे अल्फा अर्धा येतो. आबेल तेव्हा जेमतेम एकविशीचा होता, आणि २६ व्या वर्षी तो गेला.

पण उलटवण्यात धोका आहे. संकलन बारीक तरंग पुसतं, उलटी क्रिया ते फुगवते. मोजणीतली चूक चौपट बारीक तरंगांची असेल, तर काढलेल्या रुंदीत ती आठपट मोठी होऊन येते, कारण चारचा दीडवा घात आठ. उलटा ऑपरेटर ‘अमर्याद’ आहे असं फलन-विश्लेषणात म्हणतात ते यालाच.

आणखी एक अडचण उरते. मॅट्रिक्सचं वर्गमूळ काढताना आपण आयगेनमूल्यांचा आधार घेतो. संकलनाच्या ऑपरेटरला एकही आयगेनमूल्य नाही, मग त्याच्या अर्ध्या घाताला अर्थ कसा द्यायचा? भारतात जन्मलेले ए. व्ही. बालकृष्णन यांनी १९६० मध्ये यासाठी एक सूत्र प्रसिद्ध केलं. त्यात ऑपरेटरमध्ये एकेक धन संख्या मिळवून प्रत्येक वेळी व्यस्त घेतात आणि त्या सगळ्यांची वजन देऊन बेरीज करतात. शून्य आणि एक यांच्यामधला कोणताही घात त्यातून निघतो. ते सूत्र पुढच्या आठवड्यात पायरीपायरीने मांडू.