सुका बांगडा आणि पांढरा उंदीर

तेलकट मासा काही आठवडे खाऊ घातलेल्या पांढऱ्या उंदराच्या रक्तात सर्वांत आधी आणि सर्वांत ठळकपणे उतरते ते ट्रायग्लिसराइड. एकूण कोलेस्टेरॉलही बहुधा खाली येते. ते किती उतरेल, हे मात्र माशाबरोबर आणखी काय दिले आणि तुलनेच्या गटाला कोणते तेल दिले यावर ठरते. खोबरेल तेल खाणाऱ्या गटाशेजारी मासा खाणारा गट फार सरस दिसतो. सोयाबीन तेलाच्या गटाशेजारी तोच फरक आकसतो. म्हणून अशा प्रयोगाचा अहवाल हाती आला की निष्कर्षाआधी आहाराचा तक्ता वाचावा.

परिणाम घडवणारे मुख्य घटक दोन: आयकोसापेंटेनोइक आम्ल आणि डोकोसाहेक्सेनोइक आम्ल, म्हणजे ईपीए आणि डीएचए. ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले सूक्ष्म समुद्री शैवालात तयार होतात आणि अन्नसाखळीतून तारली, बांगडा, पाला यांसारख्या माशांच्या चरबीत साठतात. ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांच्या रक्तातील मेदावर बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी १९७१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि त्यानंतर हा विषय जगभरच्या प्रयोगशाळांत शिरला. भारतीय किनाऱ्यावर यात एक अडचण आहे. इथल्या माशाची चरबी ऋतूप्रमाणे बदलते. तारलीत ती कधी दोन-तीन टक्के असते, तर पावसाळ्यानंतर पंधरा टक्क्यांच्या पुढेही जाते. ‘उंदरांना तारली दिली’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या महिन्यातली तारली, हेही नोंदवावे लागते.

हे प्रयोग इथे ज्या ताटाला लावून पाहायचे ते जव्हार-मोखाड्याचे. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याचे डोंगरी तालुके. जिल्ह्याला डहाणू, सातपाटी, अर्नाळा असा मासळीचा किनारा आहे, पण त्या किनाऱ्याची मासळी वर डोंगरात पोचते ती बहुतेक सुकून. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरांत भात, नागली-वरईची भाकरी आणि उडदाची आमटी यांच्या जोडीला सुके असते: बोंबील, जवळा, मांदेली, कधी खारा बांगडा. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यांत चढणारे वळगणीचे मासे आणि शेतातले खेकडे मिळतात, पण तो हंगाम थोड्या दिवसांचा. बाकीचे वर्ष सुक्यावर.

या सुक्यातले सगळेच तेलकट नसते, आणि इथेच गफलत होते. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असते. किनाऱ्यावर दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या मांडवावरच्या दोरीला टांगतात. ऊन आणि वारा पाणी ओढून घेतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नतक्त्यांत सुक्या बोंबलाची प्रथिने १०० ग्रॅममागे सुमारे ६० ग्रॅम आहेत आणि चरबी फक्त चारच्या आसपास. जवळाही असाच प्रथिनांचा. तेलकट माशावरचे प्रयोग लागू पडलेच तर ते बांगड्याला आणि तारलीला पडतात, बोंबलाला नव्हे.

प्रयोगाची सुरुवात परवानगीने होते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखाली प्रत्येक संस्थेत प्राणी-नीती समिती असते आणि किती उंदीर, कशासाठी, शेवटी त्यांचे काय, हे तिला पटवावे लागते. उंदीर बहुधा विस्टार किंवा स्प्रेग-डॉली जातीचे. खोलीचे तापमान बावीस अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार. सहा ते आठ उंदरांचा एक गट, आणि कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरते.

खरे कसब खाद्य तयार करण्यात आहे. पाया म्हणून अमेरिकन पोषण संस्थेने १९९३ मध्ये ठरवलेले सूत्र अनेक ठिकाणी वापरतात. वाढत्या उंदरांसाठीच्या त्याच्या आवृत्तीत २० टक्के केसीन, म्हणजे दुधातले प्रथिन, आणि ७ टक्के सोयाबीन तेल असते. त्यात मासा नुसता मिसळला तर प्रथिने, चरबी आणि उष्मांक तिन्ही वाढतात, आणि परिणाम कशाचा ते कळत नाही. म्हणून माशाच्या प्रथिनाएवढे केसीन वजा करायचे आणि माशाच्या चरबीएवढे तेल वजा करायचे. माशात स्वतःचे कोलेस्टेरॉल असते. तेवढे तुलनेच्या गटाच्या खाद्यातही घालायचे. ही वजाबाकी चुकली की पुढचे दोन महिने वाया जातात.

दळलेला मासा, मक्याचा स्टार्च, खनिजे आणि जीवनसत्त्वे पाण्यात मळून कणकेसारखा गोळा होतो. तो साच्यातून दाबला की बोटाएवढ्या कांड्या बाहेर पडतात. त्या कमी तापमानावर सुकवतात, कारण ईपीएत पाच आणि डीएचएत सहा दुहेरी बंध असतात आणि उष्णता, हवा, उजेड यांनी ते तुटू लागतात. कांड्यांत ई जीवनसत्त्व मिसळतात, पिशव्या गोठणबिंदूखाली वीस अंशांवर ठेवतात आणि रोज ताजे तेवढेच बाहेर काढतात. सकाळी भांड्यात उरलेल्या कांड्या तोलून फेकायच्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा द्यायच्या नाहीत. खवट वास आलेली कांडी उंदीर हुंगून सोडतो. मग तो कमी खातो, आणि कमी खाल्ल्यानेही ट्रायग्लिसराइड उतरते. म्हणून रोजच्या खाण्याची आणि आठवड्याच्या वजनाची वही ही रक्ताच्या तपासणीइतकीच महत्त्वाची.

चार ते आठ आठवड्यांनी रक्त घेतात. उंदीर रात्री खातो, त्यामुळे रात्रभराचा उपास त्याच्यासाठी माणसाच्या उपासापेक्षा फार कडक ठरतो. भूल देऊन हृदयातून रक्त काढले की ते नळीत अर्धा तास गोठू देतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. खाली लाल गुठळी बसते, वर सीरम तरंगते. इथे फरक डोळ्यांनाही दिसू शकतो. साखर किंवा चरबी भरपूर दिलेल्या गटाचे सीरम कधी कधी दुधाळ निघते, मासा खाल्लेल्या गटाचे स्वच्छ, फिकट पिवळे. हे दुधाळपण यकृतातून बाहेर पडलेल्या मेदकणांचे, व्हीएलडीएलचे असते. उपासाने आतड्यातून आलेले कण एव्हाना संपलेले असतात.

पुढचे काम रंगाचे. सीरमचे काही थेंब विकरांच्या द्रावणात टाकले की ट्रायग्लिसराइडचे विघटन होऊन अखेरीस गुलाबी रंग चढतो. कोलेस्टेरॉलसाठी विकर वेगळे, रंग तोच. रंग जितका गडद तितका मेद जास्त. तो प्रकाशमापीवर ५०० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. यकृताचा तुकडा क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या २:१ मिश्रणात घोटून त्यातली चरबीही तोलतात. ही फोल्च यांची १९५७ ची पद्धत आजही चालते. रक्तातली चरबी उतरली आणि यकृतात साठली, असे झाले असेल तर ते इथे उघडे पडते.

उतार का येतो, हे बऱ्याच अंशी उलगडले आहे. ओमेगा-३ मेदाम्ले यकृतातल्या एसआरईबीपी-१सी या नियंत्रक प्रथिनाला आवर घालतात, त्यामुळे नवी चरबी बनवणारे विकर कमी तयार होतात. दुसरीकडे पीपीएआर-आल्फा हा ग्राहक जागा होतो आणि चरबी जाळण्याचा वेग वाढतो. बांधायला चरबीच कमी उरल्याने यकृत व्हीएलडीएल कमी सोडते. याशिवाय माशाच्या प्रथिनाचाही स्वतंत्र वाटा आहे. त्यातल्या टॉरिनमुळे उंदरात कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर वाढते आणि ते विष्ठेवाटे बाहेर पडते. उंदीर स्वतःची विष्ठा खातो, म्हणून हे मोजायचे तर पिंजऱ्याला जाळीचा तळ हवा.

उंदरावरून माणसाकडे येताना मात्र पाय जपून टाकावा लागतो. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांपैकी उंदराचे बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असते. माणसाचे बहुतांश एलडीएलमध्ये. दोन्हींमध्ये मेदाची देवाणघेवाण करणारे सीईटीपी हे प्रथिन उंदराच्या रक्तात नसते. सशात ते भरपूर असते, हॅमस्टरमध्ये थोडे. म्हणून एलडीएलच्या प्रश्नासाठी हे प्राणी अधिक जवळचे. १९७२ चे फ्रीडवाल्ड सूत्र माणसाच्या रक्तासाठी बांधलेले. ते उंदराच्या आकड्यांना लावून एलडीएल काढलेले अहवाल आजही दिसतात. त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. तीनशे ग्रॅमचा उंदीर दिवसाला अठरा ग्रॅमच्या आसपास खातो. खाद्यात पाच टक्के मत्स्यतेल असेल तर जवळपास एक ग्रॅम तेल त्याच्या पोटात जाते. शरीराच्या आकारमानाचा नेहमीचा गुणक लावला तर ५० किलोच्या माणसासाठी हे रोज सुमारे २५ ग्रॅम तेल होते, म्हणजे चांगली चरबी धरलेला बांगडा रोज पाव किलो. माणसांवरच्या चाचण्यांत, ज्यांचे ट्रायग्लिसराइड आधीच चढलेले असते त्यांच्यात, दिवसाला दोन ते चार ग्रॅम ईपीए-डीएचएने ते साधारण २० ते ३० टक्के उतरते. एलडीएल मात्र काहींच्या बाबतीत किंचित चढते.

आता बाजारातला खारा बांगडा. तो पाठीतून चिरून, मीठ भरून उन्हात टाकलेला असतो. प्रयोगशाळेत ज्या ऊन-वाऱ्यापासून कांड्या जपतात, त्यातच तो दिवसेंदिवस पडलेला असतो. त्याच्या पोटाकडच्या कडेला दिसणारा तांबूस-पिवळा डाग हा ऑक्सिडीकरण झालेल्या चरबीचा. मीठही भरपूर, आणि ते रक्तदाबाला घातक. ताज्या माशाचे किंवा शुद्ध तेलाचे निष्कर्ष या बांगड्यावर डोळे मिटून चिकटवणे चूक आहे.

आणि मुळात जव्हार-मोखाड्याचा प्रश्न चढलेल्या मेदापासून सुरू होत नाही. १९९२-९३ मध्ये इथल्या वावर-वांगणी गावांतल्या बालमृत्यूंनी हा भाग राज्यापुढे आला तो कुपोषणासाठी. कुपोषित बालकाच्या रक्तात कोलेस्टेरॉल बहुधा कमीच असते. ते आणखी उतरवण्यात काही हशील नाही. त्या ताटात सुक्या बोंबलाची किंमत त्याच्या प्रथिनांत आणि कवचासकट खाल्ल्या जाणाऱ्या जवळ्याची कॅल्शियममध्ये आहे. मेदाचा प्रश्न उद्भवतो तो मोठ्यांसाठी, जिथे ताटात जवळजवळ सगळे पिष्ट असते. कारण पिष्टाचे प्रमाण फार वाढले की ट्रायग्लिसराइड चढते.

या भागासाठी करायचा प्रयोग त्यामुळे वेगळा आखावा लागेल. पायाचे खाद्य केसीन आणि मक्याच्या स्टार्चचे नको, तांदूळ, नागली आणि उडदाचे हवे. सुका बोंबील आणि खारा बांगडा असे दोन स्वतंत्र गट हवेत, आणि मासा निखाऱ्यावर भाजून द्यायला हवा, घरी खातात तसा. उंदरांबरोबर हॅमस्टरही हवेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, हैदराबादला पोषण संस्था आहे. असे काम हाती घेण्याची क्षमता देशात आहे. जे कोणी ते हाती घेतील त्यांनी मासा बंदरावरून ताजा आणून स्वतः सुकवू नये. तो जव्हारच्या बाजारातून, पावसाळ्याच्या तोंडावर लोक घेतात तसाच विकत घ्यावा आणि त्याच दिवशी त्याचा पेरॉक्साइड अंक, म्हणजे चरबी किती खवट झाली त्याचे माप, मोजावा.