नांगर : रानातला आणि बंदरातला

‘बंदरात नांगरलेले जहाज’ हा प्रयोग मराठी वृत्तपत्रांत नेहमीचा आहे. आम्हा सातारा-सांगलीकडच्यांना मात्र तो अडखळवतो. आमच्याकडे नांगरतात ते रान. नांगरलेले रान म्हणजे उलथलेले, पावसाची वाट पाहणारे. नांगरलेले जहाज म्हणजे जागच्या जागी थांबलेले. इंग्रजीत ‘प्लाऊ’ आणि ‘अँकर’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीने दोन्ही कामे एकाच शब्दावर सोपवली.

शेतीचा नांगर संस्कृत ‘लांगल’पासून आला, पालीत तो ‘नंगल’ होता. जहाजाच्या नांगराला फारसीत ‘लंगर’ म्हणतात; हिंदीतही ‘लंगर डालना’ आहे. मला वाटते, हा दर्यावर्दी शब्द कोकणकिनाऱ्यावर उतरला, तेव्हा ओळखीच्या ‘नांगरा’त सहज मिसळून गेला. ध्वनी जवळचा होताच, रूपही जुळत होते : दोन्ही वाकडे, दोन्ही जमिनीत दात रोवणारे. इंग्रजी ‘अँकर’चे मूळही ग्रीकमधून ‘वाकडे’ या अर्थाशीच पोहोचते. आपला ‘अंकुश’ त्याचा दूरचा भाऊबंद.

वाक्प्रचारांत मात्र दोन्ही नांगरांच्या वाटा फुटतात. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला. ती दहशत आजही ‘घरादारावर नांगर फिरवणे’मध्ये जिवंत आहे. बंदरातला नांगर टाकतात, उचलतात. घाटावर ‘नांगर टाकणे’ म्हणजे स्थिरावणे, असे कुणी म्हणत नाही. इथे मुक्काम ठोकतात, बूड टेकतात, आणि खात्री करायची तर हलवून खुंटा बळकट करतात. दावणीचा खुंटा हाच घाटावरचा अँकर!

अनुवादकाने हे ध्यानात घ्यायला हवे. ‘आई त्या घराचा नांगर होती’ असे भाषांतर कऱ्हाड-तासगावच्या वाचकाला आधार सांगत नाही. जन्मभर जुंपलेली बाई दाखवते. तिथे ‘आधार’ किंवा ‘कणा’ हाच शब्द खरा.

याच कृष्णाकाठच्या मुलखात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घरोघर नेला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीशी त्यांना आधी झगडावे लागले होते. लोखंड जमिनीत रुतवणे खलाशाला नवे नव्हते. शेतकऱ्याला मात्र ते पटवून द्यावे लागले.

आता इंग्रजी ‘अँकर’ स्वतःच गावात आला आहे. दूरचित्रवाणीवर बातम्या सांगतो तो अँकर, गणेशोत्सवात सूत्रसंचालन करते ती अँकर; वृत्तपत्राच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापतात तोही अँकर. समुद्र यांपैकी कुणालाच आठवत नाही. बैलांचा नांगरही ट्रॅक्टरमागे पडला. तरी शेतकरी ‘रान नांगरून घेतलं’ असेच म्हणतो. अवजार बदलले, क्रियापद टिकले. भाषेचा खुंटा क्रियापदातच असतो, तो असा.